जिवाणूंचा रंग आधी रंगाऱ्याला दाखवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, जिवाणू आणि बुरशीपासून मिळणाऱ्या रंगांवरचा लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान दिले याचा फार आनंद झाला. मी सोलापुरात 31 वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, याच शहरात सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर होते. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मी एकाच घरात पाहिल्या आहेत. लेखाचा शेवट मात्र मनाला लागून राहिला. थोड्याच वर्षांत रासायनिक रंगांची जागा जिवाणू घेतील आणि नद्या स्वच्छ होतील, असे त्यात म्हटले आहे. तसे व्हावे ही माझीही इच्छा आहे. पण सध्या आपण ज्या रीतीने चाललो आहोत त्या रीतीने ते होणार नाही, असे मला अनुभवावरून वाटते. पत्र लांबले आहे. जागेप्रमाणे कात्री लावावी, पण शेवटची मागणी तेवढी ठेवावी ही विनंती.

लेखासोबत बशीत वाढलेल्या लालभडक जिवाणूंचे छायाचित्र आहे. तो रंग प्रोडिजिओसिन आणि तो तयार करणारा जिवाणू सेराशिया मार्सेसेन्स. 1819 च्या उन्हाळ्यात इटलीत पाडुआजवळच्या एका खेड्यात मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या घट्ट लापशीवर रक्तासारखे डाग उठले. लोकांना तो दैवी कोप वाटला. बार्तोलोमिओ बित्सियो नावाच्या तरुण औषधशास्त्रज्ञाने ती लापशी तपासली आणि हे डाग म्हणजे वाढणारा जीव आहे असे दाखवले. नावातला पहिला शब्द त्याने सेराफिनो सेराती या इटालियन शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ घेतला. दुसरा शब्द, मार्सेसेन्स, म्हणजे विटत जाणारा, कोमेजणारा. हा रंग फार लवकर विटतो हे बित्सियोने तेव्हाच पाहिले होते आणि ते नावातच लिहून ठेवले. आपल्या लेखात रंगाची चमक आहे, औषधी गुण आहेत, पण हा दोष कुठेच नाही. रंगाऱ्याला सगळ्यात आधी तोच कळायला हवा.

2008 साली आमच्या एम.एस्सी.च्या तीन मुलींनी प्रकल्पासाठी शेतातल्या मातीतून हा जिवाणू वेगळा केला. एप्रिल महिना होता. नेहमीप्रमाणे बश्या 37 अंशांच्या पेटीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर वाढ भरपूर, पण सगळी पांढरी. मुलींचे चेहरे उतरले. त्यांना वाटले, भलताच जीव हाती लागला. खरे कारण तापमानाचे होते. हा जिवाणू 37 अंशांना उत्तम वाढतो, पण रंग धरत नाही. रंगासाठी त्याला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. सोलापूरच्या एप्रिलात खोलीचे तापमान तेवढे खाली आणायचे तर थंड करणारी पेटी हवी. ती आम्ही दुसऱ्या विभागातून मागून आणली, काटा 28 वर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी बश्या कुंकवासारख्या झाल्या.

त्याच सुमारास आमच्या वाचनात आले होते की 2004 मध्ये भारतातल्याच संशोधकांनी हा जिवाणू शेंगदाण्याच्या कुटाच्या पाण्यात वाढवला आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या महागड्या द्रावणापेक्षा कितीतरी पट जास्त रंग मिळवला. शेंगा चटणीच्या गावात शेंगदाण्याला काय तोटा! मुलींनी घरून दाणे आणले, मिक्सरमधून काढले, पाण्यात उकळले, गाळले, निर्जंतुक केले. दोन दिवसांत फ्लास्कमधले पाणी इतके गडद झाले की पलीकडची खिडकी दिसेना. हा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. जिवाणू अल्कोहोलमध्ये मारून, गाळून, आम्ही काचेच्या बाटलीभर अर्क काढला. त्यात रेशमाचे आणि सुती कापडाचे तुकडे बुडवले. रेशमाने सुंदर गुलाबी-लाल रंग घेतला. सुती तुकडा जेमतेम रंगला.

तुकडे घेऊन मी घरी गेले. अप्पा तेव्हा निवृत्त होते, वय 74. चष्मा पुसून त्यांनी तुकडा दारापाशी नेला. ट्यूबलाइटखाली ते कधीच रंग पाहत नसत, कायम उत्तरेकडच्या उजेडात पाहत. मग कोपरा ओला केला आणि पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर घासला. थोडे गुलाबी उमटले. काही बोलले नाहीत. रेशमाच्या तुकड्यावर पुठ्ठा अर्धा झाकेल असा टाचणीने बसवला आणि गच्चीवर दोरीला अडकवला. चौथ्या दिवशी पुठ्ठा काढला. झाकलेला अर्धा भाग होता तसाच होता, उघडा अर्धा वाळलेल्या बोगनवेलीच्या पाकळीसारखा झाला होता. मग त्यांनी झाकलेल्या भागाचा एक धागा काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला. लाल रंग डोळ्यांदेखत नारिंगी-पिवळा झाला. लिंबू पिळल्यावर तो बराचसा परत आला. प्रोडिजिओसिन आम्लात लाल आणि अल्कलीत पिवळट असतो हे मी वर्गात शिकवत होते. बाई सोड्याने कपडे धुतील तेव्हा काय होईल, हे मात्र अप्पांनी विचारेपर्यंत माझ्या मनात आले नव्हते.

ते एवढेच म्हणाले, "शेड चांगली आहे गं. पण पुढच्या लॉटला हीच येईल का? आणि टॉवेल वर्षभर वाळत घालायचा असतो."

पुढे आम्ही एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे सूत-कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, मालकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, आपुलकीने ऐकून घेतले आणि नेमके हेच दोन प्रश्न विचारले. तिसरा प्रश्न भावाचा होता. आमच्याकडे एकाचेही उत्तर नव्हते, कारण आमच्याकडे होता एक लिटरचा फ्लास्क. फ्लास्कात भाव काढता येत नाही. मोठ्या पात्रात वाढवून पाहण्यासाठी आम्ही निधी मागितला. एका कार्यालयाने अर्ज परत पाठवला की हा वस्त्रोद्योगाचा विषय आहे. दुसऱ्याने परत पाठवला की हा जीवशास्त्राचा विषय आहे. मुली पास झाल्या, एकीचे लग्न झाले, दोघी औषध कंपन्यांत लागल्या. बश्या निर्जंतुक करण्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. त्यानंतरही माझ्या निवृत्तीपर्यंत जवळपास दर दोन वर्षांनी कुठला ना कुठला गट असाच लाल, जांभळा, पिवळा जिवाणू घेऊन येत असे, भित्तिपत्रक लावत असे, बक्षीस घेत असे, आणि बश्या पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जात असत. त्या मुलामुलींची मेहनत वाया जाताना पाहून मला जे वाटत आले ते आज लिहिते आहे.

हा विषयच पोकळ आहे, असा कोणी अर्थ काढू नये. सूक्ष्मजीवांचे रंग उद्योगात आलेले आहेत, फक्त ते कपड्यात नसून पोटात आहेत. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनमुळे. हे जीवनसत्त्व पूर्वी रासायनिक रीतीने बनवत, आज ते मुख्यतः बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आणि ॲश्बिया गॉसिपी ही बुरशी यांच्याकडून बनवून घेतात. ही बुरशी मुळात कपाशीच्या बोंडांवर रोग आणणारी, म्हणजे आपल्या शेतकऱ्याची शत्रूच. बीटा कॅरोटिन ब्लेकस्लिया नावाच्या बुरशीपासून आणि ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या तळ्यांमध्ये वाढवलेल्या ड्युनालिएला शेवाळापासून मिळते. पाळलेल्या सॅल्मन माशाचे मांस गुलाबी दिसावे म्हणून खाद्यात ॲस्टॅक्झँथिन हा लालसर रंग घालतात. ते हिमॅटोकॉकस शेवाळापासून आणि फाफिया या यीस्टपासूनही काढतात. स्पिरुलिनाचा निळा रंग गोळ्या-चॉकलेटांत वापरायला अमेरिकेने 2013 मध्ये परवानगी दिली. 2025 च्या जानेवारीत तिथे एरिथ्रोसिन या कृत्रिम लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेण्यात आली आणि मे महिन्यात गॅल्डिएरिया नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा निळा रंग मंजूर झाला. आपल्या शेजारी कर्नाटकाने 2024 च्या मार्चमध्ये कापूसमिठाई आणि गोबी मंच्युरियनमधल्या ऱ्होडामाइन-बी या कृत्रिम गुलाबी रंगावर बंदी आणली. खाण्याच्या रंगाला उन्हात वर्षभर टिकायचे नसते आणि सोड्यात धुवायचे नसते. मागणीही आहे. महाविद्यालयांनी पहिली झेप इथे घ्यावी असे मला वाटते.

पण इथेही एक गोष्ट लेखाने सांगायला हवी होती. निसर्गातून आला म्हणजे निर्धोक, असे सूक्ष्मजीवांच्या बाबतीत तरी म्हणू नये. चीन-जपानमध्ये शेकडो वर्षे मोनास्कस बुरशीने तांदूळ लाल करून खातात. त्याच बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन नावाचे मूत्रपिंडाला घातक विषही तयार करतात. 2024 च्या मार्चमध्ये जपानमध्ये या लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे बिघडली आणि माल परत मागवावा लागला. तपासात प्युबेरुलिक ॲसिड सापडले. ते मोनास्कसचे नव्हते, कारखान्यात शिरलेल्या दुसऱ्याच एका बुरशीचे होते. आमचा लाडका सेराशियाही साधासुधा नाही. तो अशक्त रुग्णांमध्ये, नवजात बाळांमध्ये संसर्ग करतो. रुग्णालये त्याला घाबरतात. म्हणून लेखात महाविद्यालयीन मुलांनी घरी करून पाहण्यासारखा सोपा प्रयोग असे जे वाक्य आहे, त्याबद्दल पुढच्या अंकात खुलासा द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. हा प्रयोग घरी करू नये. आमच्या मुली हातमोजे घालून, शिक्षकांच्या नजरेखाली, सगळा जीव मारून मगच अर्क बाहेर काढत असत.

आता कपड्याकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

आज आपल्याकडे सुती धाग्याला मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, देतात. रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ टाकतात, वर सोडा. तरीही घातलेल्या रंगातला पाचवा ते तिसरा हिस्सा धाग्याला न धरता पाण्याबरोबर निघून जातो. ते पाणी खारट आणि रंगीत असते. मीठ कुठलाही जिवाणू खात नाही, म्हणून ते शुद्धीकरणातूनही सुटते. आम्ही लहान असताना अप्पा घरी आले की आई त्यांना अंगणातच हात धुवायला लावायची. नखांच्या कडांना कधी किरमिजी, कधी हिरवा रंग असायचा. तो त्यांच्या हातावरून शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. जिवाणूंचा रंग यावा, असे या व्यवसायातल्या माणसाच्या मुलीला मनापासून वाटते ते यासाठी.

मात्र जिवाणूंचा रंग म्हटला की सांडपाण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, असे नाही. रंग काढून घेतल्यावर उरलेले द्रावण म्हणजे मेलेले जिवाणू, प्रथिने, साखर. ते तसेच ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारील. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशने, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याने, काय होते हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. शिवाय रंग काढायला अल्कोहोल किंवा दुसरे द्रावक लागते, ते परत मिळवायची सोय हवी. हे सगळे जमवता येते, पण जमवावे लागते.

निळीचीच गोष्ट घ्या. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्युडोमोनास जिवाणूतली जनुके ई. कोलायमध्ये घातली आणि त्या जिवाणूने नीळ बनवली. जगभर बातमी झाली. पुढे मोठ्या पात्रात बनवताना नीळ लालसर छटेची येऊ लागली, कारण सोबत इंडिरुबिन हे लाल रंगद्रव्य तयार होत होते. ते थांबवायला आणखी एक जनुक घालावे लागले. जीन्सचे कापड आजही मुख्यतः रासायनिक निळीनेच रंगते. पण जिवाणू आणि नीळ यांचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून अप्पांच्या कारखान्यात हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक सोडा टाकत. हायड्रोचा तो नाकात चढणारा वास मला अजून आठवतो. त्यांच्या आजोबांच्या काळी हायड्रो नव्हते. मातीच्या रांजणात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया घालून आठवडाभर आंबवत. ते काम जिवाणू करत. रांजणातून लडी हिरवट-पिवळी निघे आणि हवा लागली की पाहता पाहता निळी होई. अप्पा म्हणत, "नीळ हवेत उघडते." बाकी विज्ञान मी नंतर शिकले, पण पहिला धडा हा.

जुन्या रंगाऱ्याला रांजणाचा वास, फेस, वरच्या सायीचा तांबूस रंग पाहून आंबवण कुठवर आले ते कळत असे. आमच्या विभागात ते कोणालाच कळत नव्हते. आणि आमच्या विभागात जे कळत होते, तापमान, आम्लता, कुठला जीव शिरला, ते रंगाच्या कारखान्यात कळत नव्हते. ही दोन माणसे समोरासमोर बसलीच नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सोलापुरात किंवा इचलकरंजीत, जिथे सूत रंगते तिथेच, 100 ते 500 लिटरचा एक सामाईक फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे मोठे पात्र, उभा करावा. तो कुठल्याही महाविद्यालयाच्या गटाला ठरावीक दिवस वापरायला मिळावा. चालवायला माणसे बाहेरून आणायला नकोत. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवणारे अनुभवी लोक या जिल्ह्यात भरपूर आहेत, आणि मळी हेच जिवाणूंचे स्वस्त खाद्यही आहे, शेंगपेंड आहे. त्या फर्मेंटरशेजारी, त्याच छपराखाली, रंग तपासायची सोय असावी: प्रकाशात किती टिकतो ते निळ्या लोकरीच्या, उन्हात कमी-जास्त टिकणाऱ्या 8 प्रमाण पट्ट्यांशी ताडून पाहायचे, धुण्यात आणि घासण्यात किती जातो ते पाहायचे. त्या टेबलाशी एक निवृत्त रंगमास्तर मानधन देऊन बसवावा. पहिली दोन-तीन वर्षे टॉवेल आणि चादरीच्या मागे लागूच नये. त्यांना ऊन आणि सोडा दोन्ही सोसावे लागतात. रेशीम, लोकर, घरात राहणाऱ्या वस्तू, खाद्यरंग, कोंबड्यांचे आणि माशांचे खाद्य, इथून सुरुवात करावी. सेराशियाऐवजी निरुपद्रवी जीव निवडावेत.

लोणारची आठवण इथे होते. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली आणि तो रंग खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. इतके खारट पाणी सोसून रंग धरणारे जीव आपल्याच राज्यात आहेत, आणि आपले रंगाचे कारखाने खारट पाण्याने त्रस्त आहेत. या दोन गोष्टी एका टेबलावर ठेवून कोणी विचार करील का? मला वाटते, आपल्या तरुण संशोधकांनी करावा.

वृत्तपत्रालाही एक विनंती. पुढच्या वेळी असा शोध लागल्याचे कोणी सांगितले तर वार्ताहराने रंगवलेला तुकडा मागून घ्यावा, अर्ध्यावर पुठ्ठा बांधून आठवडाभर कार्यालयाच्या गच्चीवर ठेवावा आणि मगच मथळा लिहावा. यात कोणाचा अपमान नाही. अप्पांनी माझ्या तुकड्याचे हेच केले होते आणि त्यानंतर ते मुलींना तीन दुपारी शेड कसा जुळवायचा ते शिकवायला विभागात आले होते, सत्तरी ओलांडलेल्या वयात, बस पकडून.

तो रेशमाचा तुकडा त्यांच्या शेडच्या वहीत अजून डकवलेला आहे, शेजारी तारीख आणि किती दिवस ऊन लागले ते त्यांच्या अक्षरात. आमच्या प्रकल्पाच्या नोंदी, शेंगदाण्याच्या द्रावणाचे प्रमाण, कुठल्या तापमानाला किती रंग आला, सगळे माझ्याकडे नीट ठेवलेले आहे. कुठल्याही महाविद्यालयाला किंवा प्रोसेस हाउसला हवे असेल तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. वही आणि नोंदी घेऊन मी स्वतः येईन.

आपली नियमित वाचक,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सोलापूर